बंदाचा जमाखर्च

२ सप्टेंबर २०२५ रोजीं मुंबईच्या आझाद मैदानावरील उपोषण सुटलें. हैदराबाद गॅझेटासंबंधींचा शासननिर्णय हातीं पडला, गुलाल उधळला गेला, आणि पांच दिवस राजधानीच्या रस्त्यांवर मुक्काम ठोकून बसलेल्या आमच्या मराठवाड्याच्या गाड्या परतीच्या वाटेला लागल्या. दुसऱ्या दिवशीं मुंबई उच्च न्यायालयानें या विजयोत्सवांत एक रुक्ष प्रश्न विचारला. सार्वजनिक मालमत्तेचें जें नुकसान झाल्याचें सांगतात, तें कोणीं भरून द्यावयाचें? आंदोलनाच्या वतीनें सांगण्यांत आलें कीं, नुकसान असें कांहीं झालेलेंच नाहीं. फार तर सामान्य लोकांची गैरसोय झाली असेल. न्यायालयानें तें म्हणणें प्रतिज्ञापत्रावर मागितलें.

या एका प्रश्नानें नांदेडास घरोघरीं दोन तट पडले. एक तट नोकरदारांचा व पेन्शनरांचा. त्याचें म्हणणें, पुढाऱ्यांच्या जमिनी विकून वसुली करा, म्हणजे पुन्हां कोणी रस्त्यावर येणार नाहीं. दुसरा तट बहुतेक तरुणांचा. त्याचें म्हणणें, हक्क कधीं फुकट मिळाले आहेत काय? चळवळीकडे हिशेब मागणारा तो चळवळीचा वैरी. पहिल्या तटास नुकसानीचें खरें दुःख नाहीं, त्यास आपल्या मोटारीपुरता रस्ता मोकळा हवा आहे. दुसऱ्या तटास वहीची जमेची बाजू तेवढी वाचतां येते, नांवेची येत नाहीं.

आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहींत, आणि दोहोंना खूष करील असा मधला मार्ग काढण्याचीहि इच्छा नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, जो पुढारी बंद पुकारतो आणि तो यशस्वी झाल्याचें श्रेय घेतो, त्यानें त्या बंदाची किंमत दिली पाहिजे. शासनाच्या आळसानें तो बंद ओढवला असेल तर शासनानेंहि तींतला वांटा उचलला पाहिजे. आणि या दोघांपैकीं कोणालाहि ती किंमत एकमेकांस माफ करण्याचा अधिकार नाहीं, कारण ती त्यांची नव्हेच. ती एका तिसऱ्या माणसाची आहे.

हा तिसरा माणूस कोण, हें सांगण्यासाठीं मला एक जुनी गोष्ट काढावी लागते. ती सांगण्यांत भूषण कांहींच नाहीं. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्याविरुद्ध आमच्याकडे जें उठलें त्यांत मी नांदेडचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी होतों. आंबेडकरांचें एक पानहि मीं तोंवर वाचलेलें नव्हतें. मित्र निघाले, म्हणून निघालों. वजिराबादेच्या एका कोपऱ्यावर एक चहावाला बसे. आम्ही दहापंधरा जण त्याच्यापुढें जाऊन उभे राहिलों आणि दुकान बंद करावयास सांगितलें. तो म्हणाला, ‘‘दूध तापत ठेवलंय बाबा, एवढं संपूं द्या.’’ आमच्यांतल्या एकानें त्याच्याच पिंपांतलें तांब्याभर पाणी घेऊन शेगडींत ओतलें. कोळसे फसफसले, राखेचा लोट उठून दुधांत पडला, आम्ही हंसलों आणि पुढें गेलों.

पाणी ओतणारा मी नव्हतों. हें वाक्य मीं स्वतःला पुष्कळ वर्षें ऐकवलें. आमच्या पुढाऱ्यांनींहि आम्हांस शेगड्या विझवा असें कांहीं सांगितलेलें नव्हतें. त्यांनीं फक्त ‘कडकडीत’ असा शब्द वापरला होता. संध्याकाळीं सभेंत त्याच शब्दानें आमचें अभिनंदन झालें, आणि त्या अभिनंदनांतला आपला हिस्सा मीं घरीं नेला. दुधाचा हिस्सा मात्र त्या चहावाल्याकडेच राहिला.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. नुकसान केल्याशिवाय सत्ता ऐकत नाहीं, आणि इतिहासांतील कोणती चळवळ नुकसानीवांचून झाली, असें विचारतात. हें आमच्या भागास कोणीं शिकवावयास नको. १९४७ सालीं स्टेट काँग्रेसच्या हाकेवर मराठवाड्यांतील लोकांनीं जंगल सत्याग्रह केले, शिंदीचीं झाडें तोडलीं, लेव्हीचें धान्य देण्याचें नाकारलें, करोडगिरीचे नाके मोडले. यांतलें प्रत्येक कृत्य आर्थिक हानीचें होतें. किंबहुना हानि हाच त्याचा उद्देश होता. ३० जानेवारी १९४८ रोजीं आमच्याच जिल्ह्यांतील उमरी येथें सशस्त्र तुकड्यांनीं हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली आणि वीस लाखांच्या पुढची रक्कम निजामाच्या हद्दीपलीकडे नेली. त्या रकमेचा पुढें पैपैचा हिशेब दिला गेला, ही गोष्ट आमच्याकडे लुटीच्या पराक्रमाइतक्याच अभिमानानें सांगतात. आणि माझ्या मतें त्या दोहोंत अधिक दुर्मिळ तीच आहे.

परंतु या उदाहरणांनीं पूर्वपक्ष सिद्ध होत नाहीं, उलट उघडा पडतो. शिंदी तोडली ती निजामाच्या आबकारीच्या उत्पन्नावर घाव घालण्यासाठीं. नाका मोडला तो त्याच्याच तिजोरीचा. ज्याच्याशीं वैर, त्याचेंच नुकसान; आणि तें करणारास ठाऊक होतें कीं याची किंमत तुरुंग, फटके, क्वचित् प्राण. त्यानें ती दिली, तेव्हां त्याच्याकडे आणखी बिल पाठविण्याचें कोणाच्या मनांत येणार नाहीं. आज रस्त्यावर जळते ती गाडी कोणाची? एस. टी. ची. मंत्री एस. टी. नें जात नाहीं, आमदार जात नाहीं, पुढारी तर नाहींच नाहीं. किनवटच्या डोंगरांतून शाळेला येणारी मुलगी तींत बसते, आईला दाखवावयास नांदेडच्या दवाखान्यांत आणणारा शेतमजूर तींत बसतो. एक गाडी जळली कीं त्या मार्गावरची एक फेरी बंद होते, आणि आडमार्गाची फेरी एकदां तुटली कीं ती पुन्हां जोडून घेण्यास गांवाला किती अर्ज करावे लागतात, हें खेड्यांतील कोणत्याहि सरपंचास विचारावें. रास्ता रोकोचेंहि तेंच. अर्धापुरचें केळें उत्तरेच्या बाजाराला निघतें. घड एकदां उतरला कीं त्याला मुहूर्त पाहतां येत नाहीं. हळद आडतींत चार दिवस थांबते; केळें थांबत नाहीं. आणि रस्ता अडविणारा व ज्याचें केळें काळें पडतें तो, हे दोघे पुष्कळदां एकाच जातीचे, एकाच गांवचे, एकाच मागणीचे असतात. आयुक्तालय नांदेडास कीं लातुरास, एवढ्या वादापायीं २००९ सालीं लातुरानें बंद पाळले, तेव्हां जें नुकसान झालें तें लातूरकरांचें झालें. नांदेडकरांचा त्यांत एक दिवसाचा धंदाहि बुडाला नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीं तर आमचें म्हणणें गिरणीमालकाच्या तोंडीं शोभेल. १ जून २०१७ रोजीं पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. कित्येकांनीं आपल्या गोठ्यांतलें दूध रस्त्यावर ओतलें. तें दूध त्यांचें होतें. तें पाहून शहरांतील गृहिणींनीं हळहळ व्यक्त केली, परंतु त्याची भरपाई कोणाकडे मागण्याचा प्रश्न नाहीं; ज्याचें त्यानें सांडलें. त्याच रस्त्यावर परक्याचा टँकर अडवून त्याची तोटी सोडली जाते, तेव्हां मात्र दुसराच व्यवहार सुरू होतो. दोन्हींकडे दूधच वाहतें, म्हणून दोन्ही कृत्यें एक होत नाहींत. तसेंच संपाचें. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला. महामंडळ खचलें, प्रवाशांचे हाल झाले. तरी त्या नुकसानीचें देणें संपकऱ्यांवर लादावें असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. आपले श्रम न विकणें, आपलें दुकान आपण होऊन न उघडणें, आपला माल बाजारांत न नेणें, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, आणि तो वापरल्यानें दुसऱ्याचा नफा बुडाला तरी तो बुडविला असें होत नाहीं. केरळच्या उच्च न्यायालयानें १९९७ सालीं बंद बेकायदा ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय त्याच वर्षीं कायम केला, तेव्हां हरताळ आणि बंद यांमधील हीच रेषा आंखली गेली. हरताळांत दुकानदार फळी लावतो. बंदांत ती त्याच्याकडून लावून घेतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लाखाचा समुदाय जमला कीं त्यांतल्या प्रत्येक हाताची हमी कोण देणार? कोणी तरी घुसतो, दगड मारतो, आणि देणें मात्र उपोषणाला बसलेल्या माणसाच्या माथीं. हें चोर सोडून संन्याशाला सूळ देण्यासारखें नव्हे काय? या आक्षेपांत तथ्य आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं बीड जिल्ह्यांत आमदारांचीं घरें पेटविलीं गेलीं, तेव्हां मनोज जरांगे अंतरवाली सराटींत उपोषणाला बसलेले होते, आणि त्यांनीं जाहीरपणें शांततेचें आवाहन केलें. त्या आगीचें बिल डोळे मिटून त्यांच्या नांवावर टाकणें अन्याय होईल. ज्यानें काडी लावली त्याला शोधा, आणि त्यामागें कोण होतें तें शोधा. पोलिसांना तें जमत नाहीं म्हणून जो समोर बसलेला दिसतो त्याला धरावयाचें, हा न्याय नव्हे, सोय आहे.

परंतु हा आक्षेप बंद पुकारणाराच्या कामीं येत नाहीं. शांततेनें बसणें आणि सारें शहर बंद करण्याचा हुकूम सोडणें, या दोन वेगळ्या गोष्टी. ‘अमुक दिवशीं सर्व व्यवहार बंद राहतील’ असें जो छापून लावतो, त्यानें शेगडीवाल्याच्या वतीनें निर्णय घेतलेला असतो. शेगडीवाला ऐकणार नाहीं तर काय होईल, हें त्यास माहीत असतें. किंबहुना तें सर्वांस माहीत असल्यामुळेंच त्याची हाक चालते. तेव्हां पाणी कोणीं ओतलें हा प्रश्न फौजदारी न्यायालयाचा झाला. दूध कोणाच्या खात्यावर लिहावें या प्रश्नाचें उत्तर पत्रकावरच्या सहींत आहे.

पुढाऱ्याची जबाबदारी किती लांब जाते, याचा दाखला आमच्याच राष्ट्रांत आहे. फेब्रुवारी १९२२ मध्यें चौरीचौरा येथें जमावानें पोलिस चौकी जाळली, त्यावेळीं गांधीजी तेथून शेंकडों कोस दूर बारडोलीस होते. त्यांनीं ना तो जमाव पाहिला होता, ना त्याला तसला आदेश दिला होता. तरी त्यांनीं बारडोलीचा नियोजित सत्याग्रह थांबविला, पांच दिवस उपास केला, आणि मार्चमध्यें अहमदाबादच्या न्यायालयांत उभे असतां चौरीचौऱ्याच्या व मुंबईच्या दंग्यांची जबाबदारी नाकारली नाहीं. अनुयायी चिडले, सहकारी तुरुंगांतून रागावून पत्रें लिहूं लागले. आजच्या पुढाऱ्यास कोणी एवढें मागत नाहीं. त्याला फक्त पैशांचें विचारलें जात आहे, आणि तेवढ्यानेंच त्याचा स्वाभिमान दुखावतो.

आतां दुसऱ्या तटाकडे वळूं. त्यांत आमचे पुष्कळ स्नेही आहेत, त्यांना हें आवडणार नाहीं. ‘वसूल करा’ असें म्हणतांना वसूल करणारा कोण, हें त्यांनीं पाहिलेलें नाहीं. सरकार हें आंदोलनांत एक पक्षकार असतें. ज्याच्याविरुद्ध मोर्चा, त्यानेंच मोर्चाचें बिल तयार करावयाचें, त्यानेंच दोषी ठरवावयाचा आणि त्यानेंच जप्ती आणावयाची, ही पद्धत आम्हीं इंग्रजांच्या राज्यांत भोगलेली आहे. १८९७ सालीं पुण्यांत रँडचा वध झाल्यावर जादा पोलिस बसविले गेले आणि त्यांचा खर्च शहरांतील रहिवाशांकडून घेतला गेला. १९४२ सालीं तर सामुदायिक दंडाचा वटहुकूमच निघाला. रूळ कोणीं उखडले तें कळलें नाहीं कीं सारा गांव दंड भरी. सुक्याबरोबर ओलें जळावें, हेंच त्या कायद्याचें सूत्र होतें. आमच्या स्वराज्यानें हें सूत्र टाकून दिलें असेल अशी वाचकांची समजूत असेल. तसें नाहीं. मुंबई पोलिस अधिनियम १९५१ सालीं झाला, आणि बेकायदा जमावानें केलेल्या हानीची रक्कम त्या भागांतील रहिवाशांवर बसवून वसूल करण्याची तरतूद त्यांत मुक्कामाला आहे. मौज अशी कीं, मोहल्ल्यांतील विधवेकडून दंड घ्यावा कसा, हें कायद्यास तेव्हांच सुचलें. ज्यानें हाक दिली त्याच्याकडून घ्यावा, हें सुचावयास आणखी निदान चाळीस वर्षें गेलीं.

आणि सुचलें तेंहि सर्वत्र सारख्या बुद्धीनें नाहीं. डिसेंबर १९१९ नव्हे, डिसेंबर २०१९ मध्यें उत्तर प्रदेशांत नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध निदर्शनें झालीं, त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनींच लोकांवर वसुलीच्या नोटिसा बजावल्या, आणि लखनौच्या चौकांत त्यांच्या छायाचित्रांचे फलक टांगले. अलाहाबाद उच्च न्यायालयानें मार्च २०२० मध्यें फलक उतरविण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें खडसावल्यावर राज्य सरकारला २७४ नोटिसा मागें घ्याव्या लागल्या. आमच्या पेन्शनर मित्रांना जी वसुली हवी आहे तिचें हें चित्र आहे. ती आज दुसऱ्याच्या दाराशीं आली म्हणून गोड वाटते.

मग मार्ग कोणता? तो नव्यानें शोधावयास नको. १९८४ च्या सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्यांत शिक्षा आहे, पण भरपाईची व्यवस्था नाहीं. ती उणीव ध्यानांत घेऊन सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २००९ मध्यें, के. टी. थॉमस व फली नरीमन यांच्या समित्यांच्या शिफारशींवरून, असें ठरवून दिलें कीं, अशा प्रसंगीं उच्च न्यायालयानें आजी किंवा माजी न्यायाधीश दावा-आयुक्त म्हणून नेमावा, त्यानें नुकसान मोजावें, आणि प्रत्यक्ष करणारे व आयोजक या दोघांमध्यें तें वांटून द्यावें. म्हणजे मोजणारा न्यायाधीश, तहसीलदार नव्हे. महाराष्ट्रानें तर याहून आधीं पाऊल टाकलें होतें. घाटकोपरच्या स्फोटानंतर ३० जुलै २००३ रोजीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांनीं मुंबई बंद ठेविली. माजी मंत्रिमंडळ सचिव बी. जी. देशमुख आणि आणखी कांहीं नागरिक न्यायालयांत गेले, आणि २००४ सालीं उच्च न्यायालयानें दोन्ही पक्षांस प्रत्येकीं २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. तत्त्व सोळा आणे बरोबर. रक्कम मात्र अशी कीं, मुंबई एक दिवस थांबविण्याचें मोल चाळीस लाख ठरलें. आमच्याकडच्या एखाद्या बड्या लग्नांत तेवढें मांडवावर जातें. श्रीमंत पक्षाला असा दंड म्हणजे परवान्याची फी, आणि गरीब संघटनेला मात्र तोच सर्वनाश. तेव्हां ठोक दंड नको. ज्याचें जेवढें गेलें तेवढें मोजा, आणि त्याच्याच हातांत द्या.

शासनाचा वांटा मीं मघां सहज सांगून टाकला. त्याची फोड केली पाहिजे. ९ ऑगस्ट २०१६ रोजीं तेव्हांच्या औरंगाबादेस मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. सप्टेंबरांत नांदेडास निघाला. पुढें असे अठ्ठावन्न मोर्चे झाले. लाखों माणसें, पुढें मुली, तोंडांतून घोषणा नाहीं, आणि मागून स्वयंसेवक रस्ता झाडीत येत आहेत. सरकारनें स्तुति केली, आयोग बसविला, आणि दोन वर्षें गेलीं. २३ जुलै २०१८ रोजीं कायगांवच्या पुलावरून एका तरुणानें गोदावरींत उडी घेतली, त्यानंतर गाड्या फुटूं लागल्या, आणि ३० नोव्हेंबर २०१८ रोजीं आरक्षणाचा कायदा झाला. आयोगाचें काम चालूंच होतें, हा सरकारचा खुलासा खरा असेल. पण खेड्यांतल्या पोरानें यांतून कोणता धडा घ्यावा? झाडू मारला तेव्हां शाबासकी मिळाली. काच फोडली तेव्हां कायदा मिळाला. काचेचा भाव सरकारनेंच ठरवून दिला आहे. ज्यानें भाव ठरविला त्याला किंमतींतला वांटा चुकविण्याचा अधिकार कसा?

तरी तो चुकवितो, आणि कसा चुकवितो तें पाहण्यासारखें आहे. उपोषण सुटतें, मंत्री सरबत पाजतात, तहाचीं कलमें वाचून दाखवितात. त्यांत एक कलम ठरलेलें असतें: आंदोलकांवरील गुन्हे मागें घेण्यांत येतील. २०२५ मध्येंहि तें होतें. पुष्कळ गुन्हे खरोखरच पोरकट असतात, आणि चार वर्षें तारखांना जाणाऱ्या गरीब मुलांची सुटका व्हावी याला आमची हरकत नाहीं. पण ज्याची टपरी मोडली त्याला त्या व्यासपीठावर कोणी बोलावलेलें नसतें. पुढारी सरकारला माफ करतो, सरकार पुढाऱ्याला माफ करतें, दोघेहि हंसतमुखानें छायाचित्र काढून घेतात, आणि जो पैसा दोघांपैकीं एकाचाहि नव्हता तो दोघे मिळून सोडून देतात.

बंद कोणाचा, यावरून हा हिशेब बदलूं नये. १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं त्रिपुरांतील घटनांच्या निषेधासाठीं पुकारलेल्या बंदांत नांदेड, मालेगांव व अमरावती येथें दगडफेक झाली, तेव्हां आज हिशेबाच्या नांवानें चिडणारे पुष्कळ लोक वसुलीसाठीं हटून बसले होते. आणि त्याच अमरावतींत दुसऱ्या दिवशीं उलट बाजूचा बंद झाला, जाळपोळ झाली, तेव्हां त्यांचा हट्ट कोठें गेला तें कळलें नाहीं.

आणि आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. एस. टी. ची गाडी फुटली कीं महामंडळाचा हिशेबनीस तिची किंमत काढतो आणि वर्तमानपत्रें ती छापतात. झोपडीला हिशेबनीस नसतो. १९७८ च्या त्या दिवसांत आम्ही शहरांत दुकानें बंद करवीत हिंडत होतों, आणि तिकडे खेड्यांत दलितांच्या वस्त्या जळत होत्या. घरें गेलीं, कणग्यांतलें धान्य गेलें, भांडींकुंडीं गेलीं. माणसें लेकरांसह गांव सोडून पळालीं. आमच्या जिल्ह्यांतील टेंभुर्णीस पोचीराम कांबळे यांस जिवंत जाळण्यांत आलें. प्राणाची भरपाई कोणत्या वहींत लिहावी तें मला माहीत नाहीं. पण मातीच्या भिंती, चार पत्रे, एक दुभती शेळी, पेरणीसाठीं राखलेलें बीं, यांची किंमत मोजतां येत होती. बंद पुकारणाऱ्यांच्या नांवावर ती कोणींहि मांडली नाहीं. आमचे पुढारी म्हणत, आमचा विरोध नांवाला आहे, माणसांना नाहीं. खेड्यांत जें घडलें तें गुंडांनीं केलें. शेगडीच्या बाबतींत जें मी स्वतःला सांगत होतों, तेंच हें वाक्य, फक्त मोठ्या आवाजांत. त्यांतले कांहीं जण पुढें निवडून आले. मीहि नोकरीला लागलों, घर बांधलें. २५ नोव्हेंबर १९९३ रोजीं याच नांदेडांत गौतम वाघमारे यांनीं नामांतरासाठीं स्वतःला पेटवून घेतलें. तसें कोणींहि करूं नये. परंतु आपल्या मागणीसाठीं त्यांनीं परक्याची काडीहि जाळली नव्हती, हें मला त्या दिवशीं प्रथम जाणवलें. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. विद्यापीठाला नांव मिळालें. त्या जळल्या घरांच्या देण्याला अद्याप ऋणको मिळालेला नाहीं.

गरिबांच्या चळवळीकडे पैसा कोठून येणार, असें शेवटीं विचारतील. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मुंबईंत आंदोलकांची उपासमार होते आहे अशी बातमी आली, तेव्हां आमच्या गांवागांवांतून भाकरी, ठेचा, चटण्या यांचे टेंपो भरभरून रवाना झाले. कोणीं हुकूम सोडला नव्हता. बायांनीं रात्रभर चुली पेटत्या ठेवल्या. ज्या समाजाला परगांवीं बसलेल्या आपल्या माणसांसाठीं एवढें करतां येतें, त्याला वाटेंत मोडलेल्या एका टपरीचे पैसे जमवितां येणार नाहींत, असें म्हणणें हा त्या समाजाचा अपमान आहे. पुढाऱ्यानें एकदां व्यासपीठावरून तेवढें मागून पाहावें.

तोंवर करण्याजोगी गोष्ट लहान आहे. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठानें आमच्या आठ जिल्ह्यांसाठीं एक दावा-आयुक्त कायमचा नेमावा. प्रत्येक बंदाच्या दुसऱ्या दिवशीं त्याच्या कचेरीचें दार उघडें असावें. लहान दुकानदाराला, शेतकऱ्याला, हातगाडीवाल्याला सरकारनें महिन्याच्या आंत पैसे द्यावे, आणि मग आयोजकाशीं त्याचा जो वाद असेल तो न्यायाधीशासमोर सावकाश करीत बसावें. अर्ज मराठींत असावा, एका पानाचा असावा, त्याला वकील लागूं नये. त्यांत दगड कोणीं मारला हें विचारूं नये, कारण तें पोलिसांनाहि सांगतां येत नाहीं. बंद कोणीं पुकारला होता, एवढेंच विचारावें. तें नांव शहरांतल्या खांबाखांबावर छायाचित्रासह लावलेलें असतें.